ग्रंथ, मत आणि मंडळ : नाशिक येथील वाचनाचे दोन प्रसंग

मराठीतील ग्रंथपरीक्षणाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक सामान्यतः नियतकालिकांपासून प्रारंभ करतात. १८६७ मध्ये निघालेला ‘विविधज्ञानविस्तार’, १८७४ च्या जानेवारीत सुरू झालेली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’, आणि त्याही अगोदर महादेव गोविंद रानडे यांनी १८६४ पर्यंतच्या मराठी ग्रंथसंपत्तीचा घेतलेला आढावा, ही या इतिहासाची ठरलेली पहिली पाने होत. रानडे जन्माने नाशिक जिल्ह्यातील निफाडचे, आणि १८७८ मध्ये काही काळ नाशिकच्या न्यायासनावरही होते, ही गोष्ट येथे केवळ प्रसंगाने नमूद करावयाची. महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे. छापून आलेले परीक्षण हा ग्रंथाविषयीच्या मतांचा अत्यल्प अंश असतो. वाचलेल्या पुस्तकाविषयी माणसे जे बोलतात, परस्परांना जे वाचावयास सांगतात, ज्यावरून भांडतात, ते बहुधा लिहिले जात नाही. जे लिहिले जाते तेही पुष्कळदा पुस्तक वाचणाऱ्याने नव्हे, तर त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याने लिहिलेले असते.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटू नये म्हणून १८६७ च्या मुद्रणालये व ग्रंथनोंदणीविषयक कायद्याकडे बोट दाखविणे पुरे. या कायद्यान्वये प्रत्येक प्रांतात छापलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या सिद्ध होऊ लागल्या आणि त्यांत एक रकाना अभिप्रायासाठी राखलेला असे. एखाद्या मराठी पुस्तकावर पुण्यामुंबईच्या पत्रांत अक्षर उमटण्यापूर्वी सरकारी दप्तरात त्यावर दोन ओळींचे मत नोंदलेले असे. म्हणजे राज्यसंस्था ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वांत नियमित ग्रंथवाचक होती. तिची अभिरुची मात्र अगदी विवक्षित होती.

नाशिक शहराची या दृष्टीने निवड करण्यास कारण आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये स्थापन झालेले असून महाराष्ट्रातील जुन्यांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. पुण्याचे नेटिव्ह जनरल लायब्ररी या नावाने निघालेले वाचनालय त्यानंतरचे, १८४८ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. तीर्थक्षेत्र म्हणून ख्यात असलेल्या गावी पोथीवाचनाची व पुराणश्रवणाची परंपरा होतीच. वाचनालयाने तिच्या शेजारी वर्तमानपत्र आणि इंग्रजी ग्रंथ आणून ठेवले. परंतु वाचनालयाचा इतिहास हा पुष्कळसा इमारतीचा, वर्गणीचा आणि कार्यकारी मंडळांचा इतिहास होतो. ग्रंथावरील मत जेथे घडले, आणि त्या मताने वाचणाऱ्यांच्या आयुष्याला वळण दिले, अशी दोन स्थाने नाशिकमध्ये वाचनालयाच्या बाहेर सापडतात. एक तिळभांडेश्वराच्या गल्लीतील खोली, दुसरे नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह.

पहिले मंडळ मित्रमेळ्याचे. १८९९ मध्ये भगूरच्या सावरकर कुटुंबावर प्लेगाचा घाला पडला. वडील गेले, आणि भाऊ नाशिकला येऊन राहिले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विनायक दामोदर सावरकर, त्र्यंबकराव म्हसकर आणि रावजी कृष्ण पागे यांनी ‘राष्ट्रभक्तसमूह’ नावाची गुप्त संस्था काढली, आणि १९०० च्या जानेवारीत तिचे उघडे अंग म्हणून मित्रमेळा सुरू झाला. गोविंद त्र्यंबक दरेकर, पुढे कवि गोविंद म्हणून प्रसिद्ध झालेले, पायांनी अधू असल्यामुळे घराबाहेर फारसे पडू शकत नसत. बैठका त्यांच्याच खोलीत भरत. ज्याला चालता येत नाही त्याच्या घरी मंडळ जमते, या एका साध्या गोष्टीने पुष्कळशा चर्चामंडळांचे स्थान ठरलेले असते. इतिहासकाराने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

मित्रमेळ्याविषयी सर्वसाधारण समजूत अशी की तो गणेशोत्सवातील मेळा होता आणि पोवाडे गाणे हे त्याचे मुख्य काम. पोवाड्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. सिंहगड आणि बाजीप्रभु यांवरील सावरकरांचे पोवाडे सरकारने पुढे जप्त केले ते उगीच नव्हे. तथापि मेळ्याचे आठवड्याचे काम बैठकीचे होते. एखाद्याने विषय सिद्ध करून यावे, चरित्र किंवा इतिहास वाचून त्यावर बोलावे, आणि मग इतरांनी आपले म्हणणे मांडावे, असा तो क्रम. सोळासतरा वर्षांच्या मुलांसाठी ही वक्तृत्वाची शाळा होती. पण वक्तृत्वासाठी आधी वाचावे लागे, आणि वाचल्यावर ते दुसऱ्याला सांगता येईल इतके आपलेसे करावे लागे.

त्या वेळी मराठी वाचकाच्या हाती काय होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या बैठकांचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. ‘निबंधमाला’ संपून दोन दशके होत आली होती, तरी तिचे अंक पुनःपुन्हा वाचले जात. ‘काव्येतिहाससंग्रहा’ने १८७८ पासून बखरी व पत्रे प्रकाशात आणली होती. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ चा. रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये, म्हणजे मित्रमेळ्याच्या पहिल्याच वर्षी, बाहेर पडला. ‘केसरी’ आणि शिवराम महादेव परांजपे यांचा ‘काळ’ ही पत्रे तर आठवड्याच्या आठवड्यास येत. स्वदेशाचा इतिहास या तरुणांना असा निरनिराळ्या वाटांनी मिळत होता. त्यांच्या बैठकीत विशेष होते ते त्या इतिहासाशेजारी इटलीचा इतिहास मांडणे.

मॅझिनी हा हिंदुस्थानात तेव्हा नवखा नव्हता. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी बंगालमधील विद्यार्थ्यांपुढे मॅझिनीवर व्याख्याने दिली होती, त्यास वीस वर्षे लोटली होती. लाला लजपतराय यांनी उर्दूत त्याचे चरित्र लिहिले होते. परंतु बॅनर्जींनी मॅझिनीचा देशाभिमान घेतला आणि त्याची गुप्त मंडळे व उठाव जाणूनबुजून बाजूस ठेवले. नाशिकच्या मंडळाने नेमके तेच उचलले. १९०४ मध्ये मेळ्याच्या निवडक सभासदांच्या मेळाव्यात संस्थेला ‘अभिनव भारत’ हे नाव मिळाले, ते मॅझिनीच्या ‘तरुण इटली’ला अनुसरून. ग्रंथावरील मताने संस्थेचे नामकरण व्हावे असा प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच.

सावरकर १९०६ च्या जूनमध्ये लंडनला गेले. तेथे मॅझिनीच्या समग्र लेखनाचे इंग्रजी खंड त्यांस मिळाले, आणि काही महिन्यांतच त्यांनी आत्मचरित्रपर भागाचा मराठी अनुवाद सिद्ध करून नाशिकास धाडला. वडील बंधू गणेश ऊर्फ बाबाराव यांच्या खटपटीने तो १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुवाद मोठा, पण गाजली ती प्रस्तावना. ती तरुणांनी मुखोद्गत केली असे त्या काळच्या अनेकांनी सांगितले आहे. हे तपशिलात खरे मानावयाचे की नाही याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु मूळ ग्रंथापेक्षा ग्रंथावरील अभिप्राय अधिक वाचला गेला, एवढे त्यावरून निश्चित निघते. मित्रमेळ्याच्या खोलीत सहा वर्षे जे तोंडी बोलले गेले त्याचा लेखी अवशेष म्हणून या प्रस्तावनेकडे पाहिले पाहिजे. तसे पाहिले म्हणजे तिच्यातील एक विचार विशेष लक्ष वेधून घेतो. मॅझिनीने राजकारणाला धर्माच्या पदवीस चढविले. महाराष्ट्रात समर्थ रामदासांनी तेच केले होते, नाव तेवढे वेगळे. रामदासांची बारा वर्षांची तपश्चर्या नाशिकजवळच्या टाकळीस झाली, हे नाशिकच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. इटलीतील मनुष्य ज्या क्षणी टाकळीच्या मारुतीशेजारी उभा केला गेला, त्या क्षणी तो परका राहिला नाही.

समीक्षेच्या दृष्टीने ही तुलना सदोष आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मॅझिनीचे प्रजासत्ताक, त्याची मानवजातीविषयीची कल्पना, कर्तव्य आणि हक्क यांसंबंधीचे त्याचे विवेचन, यांतील बराच भाग या तुलनेत मावत नाही. मंडळाने त्यातून घेतली ती दुहेरी योजना : लोकांस शिकविणे आणि युद्धाची सिद्धता करणे. सभासदांनी पुस्तकाला विचारलेला प्रश्न ‘हे खरे आहे काय?’ असा नव्हता, ‘हे येथे करता येईल काय?’ असा होता. अशा वाचनात मतभेदाला जागा थोडी असते. मेळ्याच्या सभासदांत वाद झाल्याचे उल्लेख येतात ते साधनांविषयी व वेळेविषयी, ग्रंथाच्या सत्यासत्यतेविषयी नव्हेत.

याच ग्रंथकाराविषयी त्याच काळात दुसरे मत कसे होऊ शकत होते याचा पडताळा घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गांधींनी १९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेस परतताना जहाजावर ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. त्यात इटली आणि हिंदुस्थान यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि शेवटी वाचावयाच्या वीस ग्रंथांची जी यादी जोडली आहे तीत मॅझिनीचा मनुष्याच्या कर्तव्यांवरील ग्रंथ येतो. गांधींनी मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांना वेगळे केले. शस्त्राने मिळालेली इटली ही मॅझिनीच्या मनातील इटली नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष. नाशिकच्या तरुणांनी ज्या पानांवर खुणा केल्या ती पाने गांधींनी उलटून टाकली आणि त्यांनी सोडलेली पाने वाचली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. ‘हिंद स्वराज्य’ ‘इंडियन ओपिनियन’मध्ये ११ व १८ डिसेंबर १९०९ च्या अंकांत आले. त्यानंतर तीन दिवसांनी, २१ डिसेंबरला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. पुढे १९१० च्या मार्चमध्ये मुंबई सरकारने गांधींचे पुस्तकही जप्त केले. अभिप्राय नोंदविणाऱ्या सरकारी वाचकाला या दोन मतांतील अंतर फारसे महत्त्वाचे वाटले नाही.

पुस्तकावरील खूण हा पुरावा होऊ शकतो काय, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो, आणि तो केवळ न्यायशास्त्राचा नाही. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांच्या घराची झडती झाली तेव्हा सापडलेल्या कागदपत्रांत टॉमस फ्रॉस्ट या इंग्रज लेखकाचा १८७६ चा एक ग्रंथ होता. १७७६ ते १८७६ या शतकातील युरोपीय क्रांत्यांच्या गुप्त मंडळांचा इतिहास हा त्याचा विषय. प्रतीवर जागोजाग रेघा ओढलेल्या होत्या. रशियातील निहिलिस्टांनी लहान लहान गट करून, एका गटाच्या सभासदाला दुसऱ्याची ओळख होणार नाही अशी जी रचना केली तिचे वर्णन या ग्रंथात आहे. सरकार पक्षाने त्या रेघांवरून मंडळाची रचना सिद्ध केली, आणि १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालातही हा ग्रंथ आवर्जून आला. बाबारावांना जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती मुख्यतः कवितांच्या पुस्तिकेवरून. नाशिक कटाच्या खटल्यात, ज्याचा निकाल १९१० च्या डिसेंबरात लागला, अडतीस आरोपींपैकी सत्तावीस दोषी ठरले.

आता, रेघ ओढणारा वाचक मान्यता देत असतो, नापसंती दर्शवीत असतो, की केवळ लक्षात ठेवू इच्छितो, हे रेघ सांगत नाही. या विशिष्ट प्रकरणी न्यायालयाचा तर्क बव्हंशी बरोबर होता. अभिनव भारताच्या रचनेविषयी पुढे सभासदांनीच जे सांगितले ते त्याला पोषक आहे. पण तर्क बरोबर ठरला म्हणून पद्धत निर्दोष ठरत नाही. ग्रंथ आणि कृती यांच्यामध्ये बैठक असते. त्या बैठकीत काय बोलले गेले हे वगळून ग्रंथापासून थेट कृतीपर्यंत रेघ ओढणारा अभ्यासक, त्याचा हेतू गौरवाचा असो वा आरोपाचा, पोलिसांचीच वाट धरतो. मराठीतील क्रांतिकारकांच्या चरित्रग्रंथांत हा दोष पुष्कळ आढळतो. अमुक पुस्तक वाचले आणि अंगार पेटला, अशा वाक्यांनी प्रकरणे सुरू होतात. सावरकरांच्या आत्मकथनाचा ‘माझ्या आठवणी’ हा भाग घटनांनंतर दीर्घ काळाने लिहिलेला आहे, आणि तोही वाचताना, लेखकाला कथा कोठे संपते हे ठाऊक होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

जाता जाता एक नोंद. ज्या जॅक्सन यांचा वध झाला ते स्वतः ग्रंथप्रेमी व संस्कृतचे अभ्यासक होते. त्यांनी जमविलेल्या लोकविद्येच्या टिपणांवरून आर. ई. एन्थोवेन यांनी १९१४ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. एकाच लहान गावात दोन प्रकारचे गंभीर वाचक होते आणि त्यांच्यात ग्रंथांविषयी एकही संभाषण होणे शक्य नव्हते, हा परकीय राज्याचा एक परिणाम राजकीय इतिहासात सहसा मोजला जात नाही.

दुसरे मंडळ बावीस-तेवीस वर्षांनंतरचे, आणि ते कोणी स्थापन केलेले नव्हते. १९३२ च्या जानेवारीत कायदेभंगाची दुसरी फेरी सुरू होताच धरपकड झाली व मुंबई इलाख्यातील पुष्कळ राजबंदी नाशिकरोडच्या कारागृहात आले. जयप्रकाश नारायण काँग्रेसच्या चिटणीसपदाचे काम भूमिगत राहून पाहत होते. सप्टेंबरात मद्रास येथे त्यांना अटक झाली आणि तेही नाशिकास आणले गेले. मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी, मो. ल. दांतवाला ही मंडळी तेथे एकत्र आली. राममनोहर लोहिया यांचेही नाव या यादीत कित्येकदा घातले जाते. परंतु १९३२ मध्ये लोहिया बर्लिनला प्रबंधाच्या कामात होते, तेव्हा ते नाव गाळणे योग्य.

सरकारने १९३० पासून बंद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले होते. सुशिक्षित राजबंद्यांपैकी अनेकांना वरचा वर्ग मिळे आणि त्याबरोबर पुस्तके बाळगण्याची सवलत. पुस्तके अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात. या व्यवस्थेचा एक अकल्पित परिणाम झाला. बाहेर असताना ज्यांना सभा आणि दौरे यांमुळे सलग शंभर पाने वाचण्यास सवड मिळत नव्हती, त्यांना ती सरकारी खर्चाने मिळाली. शिवाय वाचून झाल्यावर बोलावयास त्याच तोडीची माणसे, तीच ती, रोज. वाचनालयात वाचक पुस्तक घेऊन घरी जातो. तुरुंगात पुस्तकही जात नाही आणि वाचकही जात नाही.

या मंडळाचा विशेष असा की त्यातील प्रत्येक जण निराळी ग्रंथसंपत्ती घेऊन आत आला होता. जयप्रकाश १९२२ मध्ये अमेरिकेस गेले. विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना त्यांनी मार्क्स, एंगल्स, लेनिन, ट्रॉट्स्की, प्लेखानॉव्ह, रोझा लक्झेंबुर्ग यांचे मिळेल ते लिखाण वाचले आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या लेखनाने ते साम्यवादाकडे वळले. मसानी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले बॅरिस्टर. त्यांचा समाजवाद ब्रिटिश मजूर पक्षाच्या वातावरणातला. पटवर्धन नगरचे, अर्थशास्त्राचे अध्यापक, गांधींच्या नैतिक भूमिकेविषयी आदर बाळगणारे. अशोक मेहतांचे वय अवघे एकवीस. गोरे आणि एस. एम. पुण्याच्या युवक चळवळीतून आलेले, आणि त्यांच्या मराठी वाचनात आगरकरांचे स्थान मोठे. मित्रमेळ्यात सर्वांनी एकच ग्रंथ वाचावा आणि एकाच निष्कर्षाला यावे अशी वृत्ती होती. येथे ती शक्यच नव्हती.

वादाचा गाभा कोणता होता? कायदेभंगाची चळवळ मंदावत चालली होती, तेव्हा गांधींच्या पद्धतीने स्वराज्य मिळेल काय हा प्रश्न होताच. पण त्याच्या पोटात एक शुद्ध ग्रंथार्थाचा प्रश्न दडलेला होता. लेनिनने १९२० मध्ये वसाहतींच्या प्रश्नावर जे विवेचन केले त्यानुसार पारतंत्र्यातील साम्यवाद्यांनी राष्ट्रीय चळवळीपासून फटकून राहू नये. उलट कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयाच्या १९२८ च्या सहाव्या परिषदेने जो पवित्रा घेतला त्यामुळे हिंदी कम्युनिस्ट काँग्रेसला भांडवलदारांची संस्था म्हणून बाजूस सारू लागले आणि १९३० च्या लढ्यापासून दूर राहिले. जयप्रकाशांनी आपल्या १९५७ च्या निवेदनात स्पष्ट सांगितले आहे की कम्युनिस्टांचे हे धोरण त्यांना लेनिनच्याच शिकवणीच्या आधारे चुकीचे वाटले. म्हणजे मार्क्सवाद आधी आणि पक्ष नंतर, अशा क्रमाने विचार करणाऱ्या वाचकाने पक्षाच्या अधिकृत भाष्याविरुद्ध मूळ ग्रंथाचा आधार घेतला. शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला ही पद्धत अपरिचित वाटण्याचे कारण नाही. भाष्य आणि सूत्र यांत विरोध आला तर सूत्राकडे जावे, हाच तो न्याय.

त्या वादातून निघालेला निर्णय असा की समाजवादी पक्ष काढावा, परंतु काँग्रेसच्या आत. त्याप्रमाणे सुटका झाल्यावर हालचाली सुरू झाल्या. १७ मे १९३४ रोजी पाटणा येथे आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली समाजवाद्यांची परिषद भरली, आणि ऑक्टोबरात मुंबईस काँग्रेस समाजवादी पक्षाचे पहिले अखिल भारतीय अधिवेशन झाले. जयप्रकाशांचे ‘व्हाय सोशलिझम?’ १९३६ मध्ये निघाले. या पक्षाचा उगम केवळ नाशिकच्या कारागृहात शोधणे बरोबर होणार नाही. बिहारात १९३१ मध्येच समाजवादी पक्ष निघाला होता, आणि नरेंद्र देवांची विचारसरणी काशीत स्वतंत्रपणे घडली. परंतु भिन्न ग्रंथ वाचलेल्या माणसांनी एकत्र राहण्याची जी तडजोड पक्षाच्या स्वभावात उतरली, ती नाशिकची. पक्षाचे बळ तीच होती आणि दुर्बलताही तीच.

त्याच कारागृहात, त्याच महिन्यांत, एक वेगळेच वाङ्मयीन काम चालले होते, आणि त्याकडे वळल्यावाचून हे चित्र पुरे होत नाही. पांडुरंग सदाशिव साने हे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. एका ग्रंथाविषयी एका अधिकारी पुरुषाने बोलावे आणि इतरांनी ऐकावे, ही मराठी मनाला सर्वांत जुनी आणि सर्वांत सोयीची रीत. नंतर गुरुजी नाशिकास आले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे ती पुरी केली. मार्क्सवरील वाद आणि आईच्या आठवणी एकाच भिंतीच्या आत, एकाच हिवाळ्यात. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नव्हता असे मानण्याकडे समीक्षकांचा कल दिसतो, आणि ग्रंथांच्या आशयापुरते ते ठीकही आहे. परंतु साने गुरुजी पुढे समाजवाद्यांचेच झाले, आणि एस. एम. व गोरे यांच्या पिढीने मराठी समाजवादाला जो घरगुती, सेवाभावी सूर दिला तो लंडनच्या किंवा मॅडिसनच्या ग्रंथांतून आलेला नाही. मित्रमेळ्याने मॅझिनीला रामदासांशेजारी बसवून आपलासा केला. नाशिकच्या राजबंद्यांनी तसे मुद्दाम काही केले नाही. ते काम शेजारच्या बराकीतील एका शिक्षकाने नकळत केले.

याच हिवाळ्यात, १९३३ च्या जानेवारीत, मीरत कटाच्या खटल्याचा निकाल लागला. तेथेही ढीगभर ग्रंथ पुराव्यात दाखल झाले होते. नाशिक आणि मीरत यांच्यामधील वीस-बावीस वर्षांत सरकारी वाचकाची पद्धत बदलली नव्हती. त्याच विषयाचे वाचन नाशिकच्या तुरुंगात मात्र सरकारच्याच देखरेखीखाली चालले होते, ही विसंगती एखाद्या अधिकाऱ्याच्या ध्यानात आली असती तर मराठी समाजवादाचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

दोन मंडळांतील फरक केवळ हिंसा आणि अहिंसा, किंवा राष्ट्रवाद आणि समाजवाद, या जोड्यांनी सांगून भागत नाही. वाचनाची जातच निराळी होती. मित्रमेळ्याने चरित्रे वाचली, आणि चरित्राला अनुकरणाने उत्तर द्यावयाचे असते. तुरुंगातील मंडळाने सिद्धान्तग्रंथ वाचले, आणि सिद्धान्ताला प्रत्युत्तराने उत्तर द्यावयाचे असते. पहिल्या मंडळातील माणसे आपल्या मताला धरून राहिली, त्याची किंमत अंदमानात मोजली. दुसऱ्या मंडळातील माणसांनी मते बदलली, आणि बदलताना पुन्हा ग्रंथांतूनच बदलली. मसानींनी १९२७ व १९३५ मध्ये रशिया पाहिला होता. मॉस्कोतील खटल्यांनंतर त्यांची श्रद्धा ढळली, १९३९ मध्ये त्यांनी पक्ष सोडला आणि १९४४ मध्ये ‘सोशलिझम रिकन्सिडर्ड’ ही पुस्तिका लिहिली. १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांत ते होते. दांतवाला शेतीच्या अर्थशास्त्राकडे वळले आणि त्या विषयात अधिकारी झाले. अशोक मेहतांनी १९५१ मध्ये लोकशाही समाजवादावर ग्रंथ लिहिला. पटवर्धनांनी १९५० मध्ये राजकारणच सोडले.

तत्पूर्वी, १९४८ च्या मार्चमध्ये, समाजवादी पक्षाचे अधिवेशन नाशिक येथे भरले. काँग्रेसमध्ये राहावे, हा जो निष्कर्ष पंधरा वर्षांपूर्वी त्याच गावच्या कारागृहात लेनिनच्या आधाराने काढला गेला होता, तो त्या अधिवेशनात सोडून देण्यात आला आणि पक्ष काँग्रेसबाहेर पडला. जयप्रकाश, अच्युतराव, अशोक मेहता, एस. एम. आणि गोरे त्या वेळी एकाच पक्षात होते. नऊ वर्षांनी जयप्रकाशांनी आपल्या प्रजा समाजवादी सहकाऱ्यांना उद्देशून जे दीर्घ निवेदन लिहिले, ‘समाजवादाकडून सर्वोदयाकडे’, त्यात मॅडिसनच्या दिवसांपासून कोणते ग्रंथ कोणत्या क्रमाने वाचले आणि त्यांतील काय टिकले, काय गळून पडले, याचा हिशेब त्यांनी स्वतःच दिला आहे.